रिकाम्या पेटीतला अजगर

बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणाला जवळजवळ खेटून माझी ताई राहते. फ्लॅट घेताना बिल्डरनं 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे लावले होते. पुढे त्या व्ह्यूमधून माकडं स्वयंपाकघरात यायला लागली, तेव्हा सोसायटीनं त्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. त्याचेही जादा पैसे लागले. आता सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल ताईला जाळीतून चौकोनी तुकड्यांत दिसतं. अशा घरात माझ्या भाच्यानं चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेच्या पेटीत जंगल करायला घेतलं.

जंगल सापासाठी होतं. साप अजून यायचा होता.

भाच्याला हवा होता बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा छोटेखानी अजगर. चार-पाच फूट वाढतो, विष नाही, आणि घाबरला की डोकं मध्ये घालून स्वतःचा चेंडू करून घेतो. "आई, इतका गरीब प्राणी शोधून सापडणार नाही," भाचा म्हणाला. ताईनं विचारलं, "तो घाबरला की चेंडू होतो. मी घाबरले की मी काय व्हायचं?"

खातो काय, हा प्रश्न येणारच होता. 'उंदीर' हा शब्द भाच्यानं शक्य तितक्या हळू उच्चारला आणि पुढचं वाक्य घाईनं जोडलं, की ते मेलेले, गोठवलेले मिळतात, फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि लागतील तसे बाहेर काढायचे. "माझ्या फ्रीझरमध्ये मटार आहेत," ताई म्हणाली. मग भाच्यानं हुकमाचा पत्ता टाकला: बॉल पायथन मनात आलं की जेवण सोडतो, आणि मग महिनोन्‌महिने अन्नाला तोंड लावत नाही. हे मात्र खरं आहे, पाळणारे ह्यापायी रडकुंडीला येतात. समोरच्या दारातल्या बेन योगायोगानं विरजण मागायला आल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या. महिनोन्‌महिने उपास करणारा जीव इमारतीत येतोय म्हटल्यावर त्यांचा विरोध निम्मा मावळला. फ्रीझरचा विषय साप आल्यावर काढायचा असं ठरलं. आमच्या घराण्यात अवघड विषय असेच सुटतात.

आता कोणी म्हणेल, आफ्रिकेतला कशाला? खिडकीतून हात बाहेर काढला तर देशी अजगर आहे की. तर तसं चालत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं देशी साप धरून घरी ठेवणं हा गुन्हा आहे. खिडकीबाहेरचा आणला तर तुरुंग, समुद्रापलीकडचा आणला तर छंद. मात्र त्या छंदालाही कागदपत्रं लागतात. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं नियम काढले, की वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या यादीतला परदेशी प्राणी ज्याच्याकडे असेल त्यानं 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंद करायची. पिल्लं झाली, प्राणी दगावला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं. भावोजी महापालिकेतून निवृत्त झालेले. तोवर ते पेपर वाचत होते. हे ऐकून त्यांनी चष्मा काढला. "जन्म-मृत्यूची नोंद होते म्हणतोस? मग प्राणी चांगल्या घरातला दिसतो."

कागदपत्रं नसलेल्या सापांचा रस्ताही आमच्या उपनगरांतूनच जातो, तो अंधेरीच्या विमानतळावरून. 2023 च्या डिसेंबरात बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक निघाले. 2025 च्या जूनमध्ये तर थायलंडहून आलेल्या एकाच्या बॅगेत 44 इंडोनेशियन पिट व्हायपर होते, सगळे विषारी, वर 5 कासवं, आणि 3 कोळीशेपटे व्हायपर. आपण आत्याकडून लोणच्याची बरणी आणताना ती तीन टॉवेलांत गुंडाळतो आणि तरी घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला असतो; ह्या गृहस्थाची झोप विमानात कशी लागली असेल, देव जाणे. तो कोळीशेपटा मुळात इराणच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतला. दगडाच्या रंगात मिसळून पडून राहतो आणि शेपटीचं टोक कोळ्यासारखं चालवतो. कोळी टिपायला पक्षी आला की पक्षीच जातो. म्हणजे साप पक्ष्याला फसवतो आणि माणूस कस्टम्सला फसवायला बघतो. सापाला जमतं. हे सगळं पेपरात आल्यापासून बँकॉकची सहल करून आलेल्या कोणी बिस्किटांचा पुडा दिला, की ताई तो आधी कानाशी नेऊन हलवते.

तेव्हा कागदपत्रांसकटचा अजगर मिळेपर्यंत थांबायचं, आणि तोवर पेटी तयार करायची, असा बेत ठरला. झाडं रुजायला वेळ लागतो, त्यामुळे आधी जंगल आणि मग साप हा क्रम जाणकारांनाही मान्य आहे. पण आमच्याकडे मधल्या काळात काय काय झालं ते जाणकारांनी लिहिलेलं नाही.

भावोजी मूळचे पुण्याचे, त्यामुळे काचेची पेटी आणि साप म्हटलं की त्यांची गाडी 1980 सालात जाते. त्या जानेवारीत नीलिमकुमार खैरे पुण्यात काचेच्या खोलीत 72 विषारी सापांबरोबर 72 तास बसले होते. माथेरानला हॉटेलात नोकरी करताना साप धरायला लागलेला हा तरुण. पुढे 1986 मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. काचेच्या खोलीतलं ते बघायला आपण गेलो होतो असं भावोजी सांगतात. त्या वयाचा प्रत्येक पुणेकर तेच सांगतो. "आत झाडं कोणती लावली होती?" भाच्यानं विचारलं. "अरे, आत माणूस होता," भावोजी म्हणाले, "झाडं कोण बघतंय!"

पेटीसाठी हॉलमधलं शोकेस काढावं लागलं. शोकेसमध्ये ताजमहाल, दोन जपानी बाहुल्या आणि भावोजींचं कॅरमचं ढालपदक होतं. ती सगळी मंडळी माळ्यावर गेली. आठ चौरस फूट जागा. बोरिवलीच्या चालू भावानं तिची किंमत किती होते ते ताईनं मोबाइलवर काढलं, आणि एवढ्या किमतीच्या जागेत जो राहणार त्यानं निदान मेंटेनन्स तरी भरावा, असं मत दिलं.

तळाशी पाणी जिरायचा थर हवा. त्यासाठी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमधून उरलेले विटांचे तुकडे वर आले. त्यावर डासांची जाळी. जाळीवर कोकोपीट, वाळू, कोळशाची भुकटी आणि लाल माती. लाल माती विकत कशाला आणायची म्हणून ताईच्या बाल्कनीतल्या दोन मरतुकड्या कुंड्या उपड्या केल्या. मातीत सोडायला सफाई कामगार हवेत, असं भाचा म्हणाला, तेव्हा भावोजींनी सवयीनं "कंत्राटी की कायम?" असं विचारलं. हे कामगार म्हणजे राखाडी रंगाचे, खूप पायांचे, बोट लावलं की गोळी होणारे किडे. सापाची विष्ठा आणि बुरशी खाऊन पेटी स्वच्छ ठेवणं हे त्यांचं काम. भाच्यानं ते कुरियरनं मागवले. डबीत डझनभर होते, त्यांच्या बरोबर ओला कापूस आणि गाजराचा एक काप. कुरियरवाला जिन्यातून खाली जात असतानाच ताईनं तुळशीची कुंडी सरकवून दाखवली. खाली तसलेच चाळीस-पन्नास बसले होते, आणि त्यांना गाजरही कोणी दिलेलं नव्हतं.

मग पालापाचोळा. नॅशनल पार्कातून पान उचलायला मनाई, पण सोसायटीच्या आवारात जंगली बदामाचं मोठं झाड आहे, आणि त्याची वाळलेली, जाड, तांबडी पानं असल्या पेट्यांत नावाजलेली आहेत. रोज सकाळी झाडणाऱ्या मावशींना भाच्यानं पिशवीभर पानं मागितली. मावशींनी झाडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत कचरा परत मागणारा हा पहिलाच. कोणी मागं न लागता दुसऱ्या दिवशी त्यांनी निवडून, धूळ झटकून, एका मापाच्या पानांची जुडी आणून दिली आणि वर "भोकं पडलेली काढून टाकलीत" असंही सांगितलं. ती पानं जंतू मरावेत म्हणून ओव्हनमध्ये भाजायची असतात. ज्या ओव्हनमध्ये दिवाळीची नानकटाई होते त्यात! दारं-खिडक्या उघडल्या तरी संध्याकाळपर्यंत घरभर ओल्या होळीचा वास होता. पाला असा निर्जंतुक झाला. माती मात्र घरची म्हणून भाच्यानं तशीच वापरली. हे लक्षात ठेवा.

झाडांचं म्हणाल तर मनीप्लांट चोरूनच लावायचा असतो, म्हणून तो बेनच्या दारातून आणला. बेननीच कापून दिला आणि स्वतः पाठ फिरवून उभ्या राहिल्या. फर्न भाच्यानं आरेतल्या नर्सरीतून पैसे देऊन आणला. त्याच जातीचा, त्याहून टवटवीत फर्न ताईच्या बाथरूमच्या बाहेरच्या पाइपातून दर जुलैत फुटतो, आणि तो उपटायला सोसायटी दोरीवर लोंबकळणारा माणूस बोलावते.

शेवटी दोन मीटर लागले, एक तापमानाचा, एक हवेतल्या दमटपणाचा. पेटीची एक बाजू बत्तीस अंशांच्या आसपास ऊबदार, दुसरी थोडी थंड, आणि दमटपणा साठ-सत्तर टक्के, असं गणित. भाच्याकडे त्यासाठी दिवा होता आणि पाणी फवारायची बाटली होती. मीटर लावला तो आषाढाचा दिवस होता. पेटीत काही फवारण्याआधीच काटा नव्वदीवर. आफ्रिकेतल्या अजगराला लागतो त्याहून जास्त दमटपणा ताईच्या हॉलमध्ये फुकट होता. तिथं पापड वाळत नाहीत, चादरी वाळत नाहीत आणि भिंतीवर भारताचा नकाशा उमटतो. बाटली फवाऱ्यासकट ताईनं कपड्यांच्या इस्त्रीला घेतली.

पेटी मात्र झकास जमली, हे मान्य करायला हवं. महिनाभरात मनीप्लांट काचेवर चढला, लाकडाच्या ओंडक्यावर शेवाळ धरलं, बदामाची पानं कडेनं काळी पडून मऊ झाली. मागच्या बाजूला सापाला लपायला म्हणून अर्धा फुटका माठ उपडा घातला होता. त्याच्या तोंडाशी इतका गडद काळोख असायचा की घरात पेटी रिकामी आहे हे ठाऊक असूनही माणूस तिथं हात घालायला कचरायचा.

आणि लोक बघायला यायला लागले.

पाहुण्यांना पहिल्या दिवसापासून पेटीत साप दिसला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पानाखाली शेपूट दिसलं. वॉचमनला दोन डोळे दिसले, तेही लुकलुकणारे. सापाला पापण्या नसतात, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही. ताई प्रत्येकाला सांगायची, "अहो, अजून आणला नाहीये." त्यावर पाहुणे समजूतदारपणे मान हलवायचे. झोपलेल्या बाळाच्या खोलीतून बाहेर यावं तसे चवड्यांवर मागं सरायचे. काहीच नसलेल्या पेटीसमोर कामवालीनं कचरा काढायचं बंद केलं आणि पगारात 'सापाचे' दोनशे वाढवून मागितले.

नागपंचमीला तर कळस झाला. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून ताईनं पुरणाची दिंडं उकडली होती. सकाळी नऊच्या सुमारास इमारतीतल्या पाच-सहा बायका दूध-लाह्या, हळदकुंकू घेऊन दारात. एरवी पाटावर चंदनानं नाग काढतात, तर यंदा घरबसल्या जिवंत दर्शन! भाच्यानं आधी शास्त्र सांगितलं, की साप दूध पीत नाहीत, लाह्याही खात नाहीत. मग वस्तुस्थिती सांगितली, की आत साप नाही. पहिल्या मुद्द्यावर बायकांनी त्याला माफ केलं, दुसऱ्यावर विश्वास ठेवला नाही. काचेला बाहेरून कुंकवाची बोटं लागली. काकूंनी तर "आज सणाचं बाहेर यावं ना रे," असं माठाकडे बघून प्रेमानं सांगितलंसुद्धा. दिंडं मात्र सगळ्यांनी खाल्ली.

इथवर सगळं गोडीत चाललं होतं. पण एका शनिवारी भाच्यानं माठ काढून धुतला, वेल छाटला, काच पुसली आणि पेटी लख्ख केली. कामवाली आली, तिनं पहिल्यांदाच नीट आत पाहिलं. कुठेही काही नव्हतं.

"ताई, पेटी मोकळी हाय," ती म्हणाली, आणि हेच पुढच्या तीन घरी जाऊन म्हणाली.

दुपारी बारापर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडली: लहान मुलांना खाली पाठवू नये. एकपर्यंत अजगर पंपरूममध्ये दिसला होता, दीडला लिफ्टच्या खड्ड्यात, आणि दोन वाजता बी विंगच्या एका गृहस्थांच्या कमोडमध्ये, जे तेव्हापासून ए विंगमध्ये मेहुण्याकडे जात होते. लांबी तासागणिक वाढत होती. सेक्रेटरी साहेब वर आले. "पळालेला नाही, कारण आणलेलाच नाही," भावोजी म्हणाले. "मग नव्हता, ह्याचा पुरावा द्या," सेक्रेटरी म्हणाले. भावोजींनी आयुष्यभर दाखले दिलेले आणि अडवलेले. पण असा नमुना त्यांनाही आठवेना. रहिवासाचा दाखला मिळतो, ना-हरकत मिळते. 'कधीही नव्हता' असा दाखला कोणत्याच वॉर्डात मिळत नाही.

शेवटी वनखात्याच्या 1926 ह्या हेल्पलाइनवर फोन लावला, आणि संध्याकाळी एक सर्पमित्र आला. विशी-बाविशीचा पोरगा, हातात आकडा, खांद्याला कापडी पिशवी, कपाळाला टॉर्च. भर पावसाळा, त्याची दिवसातली ही कितवीतरी खेप. कुठे धामण, कुठे दिवड, आणि बहुतेक ठिकाणी बिचारा बिनविषारी कवड्या, ज्याच्या पट्ट्यांमुळे लोक त्याला मण्यार समजून झोडपतात. नसलेल्या सापाला शोधायला मात्र त्याला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. तरी त्यानं पंपरूम पाहिली, लिफ्टचा खड्डा पाहिला, बी विंगचा कमोडसुद्धा पाहिला. मग म्हणाला, "पेटी दाखवा."

पेटी बघून तो खूश झाला. पाया कसला, पानं कुठली, माती कुठली, असं बरंच विचारत राहिला. "माती घरचीच, आईच्या कुंडीतली," भाचा म्हणाला. त्यावर सर्पमित्र हसला, पेटीचं झाकण काढलं आणि ओंडका हळूच उचलला. खालची ओली माती दोन बोटांनी उकरली. "हा घ्या तुमचा साप."

त्याच्या तळव्यावर आम्हाला गांडूळ दिसलं. मग टॉर्च नीट मारला तेव्हा ते चकाकलं. काळपट तपकिरी, बुटाच्या लेसइतकं जाड, वीतभरही नाही. गांडुळाला वळ्या असतात, ह्याला बारीक खवले होते. डोळ्यांच्या जागी खवल्याखाली दोन ठिपके. जीभ इतकी बारीक की ती आहे हे त्यानं सांगितल्यावरच दिसली. बोटांच्या फटीतून ते सारखं खाली, काळोखाकडे जायला बघत होतं, आणि शेपटीच्या टोकाला असलेला इवलासा काटा त्याच्या कातडीत रुतवून जोर लावत होतं.

"वाळा," तो म्हणाला. "पूर्ण वाढलेला आहे. ह्याहून फारसा मोठा होत नाही. मुंग्यांची, वाळवीची अंडी खातो. विष वगैरे काही नाही. तुमच्या कुंडीत आधीपासून असणार."

आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून भाच्याला धाप लागली. ह्या जातीत नर नसतातच. सगळ्या माद्या, आणि नराशिवाय त्यांची अंडी फळतात. त्यामुळे एका कुंडीतून एक मादी गेली तरी वसाहत उभी राहायला पुरते. झाडांच्या कुंड्यांतून ती अशीच बोटीनं, विमानानं जगभर पसरली आहे. फ्लोरिडात आहे, हवाईत आहे, ऑस्ट्रेलियात आहे. कस्टम्सच्या नाकाखालून, बिस्किटाच्या पुड्याशिवाय, कौतुकानं लावलेल्या एखाद्या रोपाबरोबर. भाचा आफ्रिकेतून एक आणायला कागद जमवत होता. ताई बाल्कनीत कित्येक वर्षं विनापरवाना पाळत होती, रोज पाणी घालत होती.

रविवारी सभा झाली. साप सापडला, हे सेक्रेटरींनी जाहीर केलं तेव्हा टाळ्या पडल्या. किती मोठा, असं कोणीतरी विचारलं, आणि सेक्रेटरींनी प्रामाणिकपणे करंगळी आणि अंगठा ताणून दाखवला. सभेत चुळबूळ सुरू झाली. ज्यांनी पंपरूममध्ये आठ फूट पाहिला होता त्यांना हे पटणं शक्य नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्यातून वाट काढली. "महिनोन्‌महिने खात नाही म्हणून मीही ऐकलंय ना," त्या कळवळून म्हणाल्या, "आटला असेल बिचारा."

मग पाळीव प्राण्यांचा छापील अर्ज निघाला. जात, रंग, लिंग, लस टोचल्याची तारीख, एकूण संख्या. 'लिंग'पर्यंत भरून झाला. 'संख्या' इथं भाचा अडला आणि त्यानं नर नसण्याची सगळी हकीकत भर सभेत सांगितली. खजिनदार बाई हिशेबाच्या पक्क्या. "म्हणजे कुंडी तिथं वाळा?" त्यांनी विचारलं. "असू शकतो," भाचा म्हणाला. "मग अर्ज सगळ्यांनीच भरायला हवा. कुंड्या कोणाकडे नाहीत?" सगळ्यांच्या माना आपोआप सेक्रेटरींकडे वळल्या. त्यांच्या गच्चीला लागून असलेल्या फ्लॅटमध्ये तीसेक कुंड्या आहेत, आणि वॉर्डातल्या बागकाम स्पर्धेचं बक्षीस सोसायटीच्या ऑफिसातच भिंतीवर लावलेलं आहे.

सेक्रेटरी साहेबांनी चष्मा पुसला, विषयपत्रिका जवळ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"आजच्या सभेपुढे विषय 'अजगर' असा आहे," ते म्हणाले. "वाळा विषयपत्रिकेवर नाही."